पाहुणे राष्ट्राध्यक्ष सान होसेला येतात, लिमोनच्या पदरात काय पडते?

बंदरवाट

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाबद्दल मराठीत लिहिले जाते, तेव्हा १९४८ साली बरखास्त केलेले सैन्य, राखीव जंगले आणि कॉफी यांच्यापुढे चर्चा सहसा सरकत नाही. मला या धाग्यात त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील लिमोन प्रांताबद्दल बोलायचे आहे. सुमारे ५० लाख लोकवस्तीच्या या देशात अमेरिकेचे आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष आलटून पालटून येऊन गेले, आणि गेल्या काही दशकांतील अशा दौऱ्यांशी जोडल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या दोन योजना याच गरीब प्रांतासाठी होत्या. माझे म्हणणे असे आहे की दौऱ्यामुळे पैशाची वाट मोकळी होते, पण त्यातले प्रांताला काय मिळणार, हे यजमान देशाने पाहुणा येण्याआधी स्वतःच्या कायद्यात आणि करारात काय लिहून ठेवले आहे, यावर ठरते.

लिमोनची पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय पुढचे नीट उलगडणार नाही. कॉफी पिकत होती सान होसे या राजधानीच्या आसपासच्या मध्य खोऱ्यात, आणि ती युरोपला धाडण्यासाठी कॅरिबियन किनाऱ्यापर्यंत रेल्वे हवी होती. मायनर कीथ या अमेरिकी कंत्राटदाराने ती १८९० मध्ये पूर्ण केली. दलदल, मलेरिया आणि पीतज्वर यांनी हजारो मजूर दगावले. जे टिकले त्यांत जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. रुळांच्या कडेने कीथने केळीच्या बागा लावल्या आणि त्याच व्यवसायातून १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. १९३४ मध्ये केळीमजुरांचा मोठा संप झाला, बागांत पनामा रोग पसरला होताच, आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीने आपला पसारा पॅसिफिक किनाऱ्याकडे हलवला. त्या स्थलांतराला मान्यता देणाऱ्या १९३४ च्या करारातच अशी अट होती की पॅसिफिककडील बागांत कृष्णवर्णीयांना कामावर घेता येणार नाही. काम निघून गेले आणि कामकरी मागे राहिले. लिमोनचे मागासलेपण निसर्गाने दिलेले नाही, ते कागदावर सही करून घडवलेले आहे, हे मला ठळकपणे नोंदवावेसे वाटते.

१९६३ हे वर्ष या प्रांताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी सरकारने 'हापदेवा' ही संस्था स्थापन केली आणि तिच्यावर दुहेरी जबाबदारी टाकली: बंदर चालवायचे आणि बंदराच्या उत्पन्नातून कॅरिबियनकडे उतरणाऱ्या प्रदेशाचा आर्थिक विकास करायचा. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी सान होसेला आले आणि मध्य अमेरिकेतील देशांच्या व पनामाच्या अध्यक्षांबरोबर त्यांची परिषद झाली. 'प्रगतीसाठी मैत्री' या लॅटिन अमेरिकेसाठीच्या त्यांच्या मदत कार्यक्रमाचा तो भराचा काळ होता. नेमकी त्याच दिवसांत इराझू ज्वालामुखीची राख शहरावर पडू लागली आणि ती पुढे जवळजवळ दोन वर्षे पडत राहिली. लोक कोरड्या दिवशीही छत्र्या घेऊन, तोंडाला रुमाल बांधून बाहेर पडत आणि छपरांच्या पन्हाळी राखेने तुंबत. परिषदेत सामाईक बाजारपेठ आणि औद्योगिक वाढ यांवर बराच भर होता. त्या बाजारपेठेच्या जोरावर पुढे जे कारखाने आले, ते मुख्यतः मध्य खोऱ्यात आले. लिमोनमधून माल जात राहिला, एवढेच.

आता चीनकडे वळू. कोस्टा रिकाने जून २००७ मध्ये, ऑस्कर आरियास अध्यक्ष असताना, तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. नोव्हेंबर २००८ मध्ये हू जिंताव आले. २०११ मध्ये सान होसेच्या ला साबाना उद्यानात चीनने भेट दिलेले राष्ट्रीय स्टेडियम खुले झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुक्त व्यापार करार लागू झाला. त्यानंतर २०१३ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ओबामा आले आणि जूनच्या सुरुवातीला शी जिनपिंग. महिनाभराच्या अंतराने दोन महासत्तांचे प्रमुख एका लहान देशात येणे, हे त्या भागात क्वचितच घडते. शी यांच्या दौऱ्यात दोन गोष्टी लिमोनच्या वाट्याला येणार होत्या. लिमोन शहराजवळच्या मोईन येथील तेलशुद्धीकरण कारखान्याचा विस्तार ही पहिली, आणि लिमोनला जाणाऱ्या ३२ क्रमांकाच्या महामार्गाचे सुमारे १०७ किलोमीटरचे रुंदीकरण ही दुसरी.

कारखान्याचे काय झाले ते पाहा. सरकारी तेल कंपनी 'रेकोपे' आणि चीनची राष्ट्रीय पेट्रोलियम कंपनी यांनी त्यासाठी संयुक्त कंपनी काढली होती. प्रकल्प सव्वा अब्ज डॉलरच्या वरचा होता आणि रोजची क्षमता १८ हजार पिंपांवरून ६५ हजारांवर न्यायची होती. शी परत जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच देशाच्या महालेखा नियंत्रकांनी प्रकल्पाचा व्यवहार्यता अभ्यास वापरण्यास मनाई केली. कारण साधे होते: तो अभ्यास करणारी संस्था चिनी भागीदाराचीच उपकंपनी होती. पुढे तीन वर्षे रेंगाळून २०१६ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला.

रस्त्याचे कर्ज मात्र मंजूर झाले. एकूण खर्च ४६ कोटी ५० लाख डॉलर, त्यातले सुमारे ३९ कोटी ५० लाख चीनच्या आयात-निर्यात बँकेचे आणि उरलेले कोस्टा रिकाचे स्वतःचे. संसदेची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली, काम २०१७ च्या अखेरीस सुरू झाले आणि ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी पुढे गेले. दोष सरसकट चिनी कंत्राटदारावर टाकला जातो. पण जमिनी ताब्यात घेणे, विजेचे खांब आणि पाण्याच्या वाहिन्या हलवणे ही कामे करारानुसार यजमान सरकारची होती, आणि सही होईपर्यंत त्यांची तयारीच झालेली नव्हती.

याउलट लिमोनचे रूप ज्या कामाने खरोखर पालटले, ते मोईनचे नवे कंटेनर टर्मिनल कोणाच्याही राजकीय दौऱ्यात जन्मले नाही. ते आंतरराष्ट्रीय निविदेतून, ३३ वर्षांच्या बीओटी (बांधा, चालवा, मग परत द्या) करारातून आले. ऑगस्ट २०११ मध्ये करार झाला, समुद्रात भराव घालून जमीन तयार केली गेली, आणि २०१९ च्या सुरुवातीला ६०० मीटरचा धक्का, १६ मीटर खोली आणि सहा अजस्र क्रेन यांसह ते सुरू झाले. त्या करारात टर्मिनलच्या एकूण उत्पन्नाचा ७.५ टक्के वाटा कॅरिबियन प्रदेशाच्या विकासासाठी राखून ठेवला आहे. हे कलम मला सर्व शिखर परिषदांच्या जाहीरनाम्यांपेक्षा मोलाचे वाटते. यावर आपली मते वाचायला आवडतील.

हेरेदियाकर

मी कामानिमित्त सध्या सान होसेजवळच्या हेरेदियात राहतो आणि लिमोनच्या बाजूला अधूनमधून जाणे होते. आपल्या लेखात एक गोष्ट घालावीशी वाटते, कारण नकाशावर ती चटकन लक्षात येत नाही. १०७ किलोमीटरचे रुंदीकरण रिओ फ्रिओच्या फाट्यापासून लिमोनपर्यंतचे, म्हणजे सपाटीवरचे आहे. सान होसेहून निघाल्यावर सुर्की बोगदा आणि ब्राउलियो कारिय्यो राष्ट्रीय उद्यानातून उतरणारा जो घाट लागतो, तो या योजनेत नव्हताच. खरी अडचण मात्र तिथेच आहे. पावसात दरड कोसळली की रस्ता बंद होतो आणि मोईनकडे निघालेले कंटेनरचे ट्रक तासन्‌तास एकामागे एक थांबून राहतात. धुके इतके दाट असते की पुढच्या ट्रकचे मागचे दिवे दिसेनासे होतात. पर्यायी रस्ता तुर्रियाल्बावरून जातो. तो लांबचा आहे आणि अवजड वाहनांना वळणांवर फार जड जातो. म्हणून खाली चौपदरी रस्ता झाला, तरी अननस आणि केळी वगळता मध्य खोऱ्यातून येणाऱ्या मालाचा वेळ फारसा वाचत नाही. केळी आणि अननसाच्या बागा सपाटीवर असल्याने त्यांना मात्र थेट लाभ होतो.

दुसरे असे की ग्वापिलेस, सिकिरेस, मातिना या गावांतल्या लोकांसाठी हा महामार्ग म्हणजे रोजचा रस्ता आहे. शाळेत जाणारी मुले सायकलवरून त्याच्या कडेने जातात. मूळ आराखड्यात त्यांच्यासाठी पुरेसे वळणमार्ग, जोडरस्ते आणि पादचारी पूल नव्हते. गावकऱ्यांनी आग्रह धरल्यावर ते वाढवण्याचा विषय आला आणि खर्च व मुदत दोन्ही वाढली.

कोरडवाहू

धागाकर्त्यांचा रोख पटतो, तरीही दौऱ्यांना आणि राजनैतिक मैत्रीला त्यांनी कमी लेखले आहे, असे मला वाटते. ग्वानाकास्ते प्रांतातला तेम्पिस्के नदीवरील पूल आठवून पाहावा. तैवानच्या मदतीने बांधलेला हा पूल २००३ मध्ये खुला झाला. त्याआधी निकोया द्वीपकल्पात जायचे तर तराफ्याची वाट पाहावी लागे किंवा लिबेरियावरून मोठा वळसा घालावा लागे. चार वर्षांनी कोस्टा रिकाने तैवानची साथ सोडली, पण पूल तिथेच आहे आणि लोक रोज त्यावरून जातात. पूल पूर्णपणे राजकीय मैत्रीतून आला. त्याच्यासाठी ना ३३ वर्षांचा करार होता, ना उत्पन्नातला वाटा. लहान देशाला दोन मोठ्या शक्तींच्या चढाओढीचा उपयोग करून घेता येत असेल, तर त्याने तो का करू नये?

बंदरवाट

कोरडवाहू, पुलाचे उदाहरण अगदी योग्य आहे आणि मी ते नाकारत नाही. फक्त त्यातला एक बारकावा पाहू. तेम्पिस्केचा पूल कुठे हवा, हे स्थानिक लोकांना आणि सरकारला अनेक वर्षांपासून ठाऊक होते. गरज ठरलेली होती, जागा ठरलेली होती, पैसा देणारा तेवढा हवा होता. त्यामुळे देणाऱ्याला फारसे ठरवण्यासारखे उरले नाही. स्टेडियमची गोष्ट वेगळी आहे. चिनी कामगारांनी, चिनी साहित्य वापरून, राजधानीत उभारलेली ती वास्तू उत्तम आहे. पण त्याच पैशात लिमोनमध्ये काय करता आले असते, हा प्रश्न त्या वेळी विचारायला लिमोनचे कोणीही त्या टेबलावर बसलेले नव्हते.

हेरेदियाकर, घाटाबद्दलची आपली नोंद माझ्या लेखातली मोठी उणीव भरून काढते. कर्ज देणाऱ्याला सपाटीवरचे काम सोपे पडते आणि घेणाऱ्याला लवकर दाखवता येते, म्हणून कठीण भाग मागे पडत गेला असावा, असा माझा कयास आहे. घाट राष्ट्रीय उद्यानातून जात असल्याने तिथले काम पर्यावरणाच्या दृष्टीनेही अवघड आहे, हे मान्य करायलाच हवे.

उरणकर

मोईनचे टर्मिनल चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही कंपनी आमच्या न्हावा शेव्यालाही आहे. कॉनकॉर या सरकारी कंटेनर वाहतूक कंपनीच्या भागीदारीत तिचे टर्मिनल इथे २००६ पासून चालू आहे. मी कस्टम क्लिअरिंगच्या कामात आहे, त्यामुळे ७.५ टक्क्यांचे कलम वाचून मला थेट आमचे साडेबारा टक्के आठवले. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनींसाठी आंदोलन केले, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि त्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व आले. आमच्याकडचा अनुभव असा आहे की टक्का ठरणे ही अर्धीच लढाई असते. तो हातात पडेपर्यंत एक पिढी जाते. लिमोनमध्ये हा वाटा कोणाच्या हातात जातो आणि तो खर्च कोण करते?

बंदरवाट

उरणकर, प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. उरणमध्ये मोबदला जमीनमालकाला, म्हणजे व्यक्तीला, आणि भूखंडाच्या रूपात मिळतो. लिमोनमध्ये वाटा उत्पन्नातला आहे, दरवर्षीचा आहे आणि तो प्रदेशासाठी आहे. टर्मिनल जितका माल हाताळेल तितका तो वाढतो. सुमारे ८० टक्के सागरी व्यापार लिमोन-मोईन या जोडबंदरातून होत असल्याने ही रक्कम लहान नाही.

हा पैसा हापदेवाच्या माध्यमातून प्रदेशात जावा, अशी योजना आहे, आणि गुंतागुंत नेमकी इथे आहे. नवे टर्मिनल सुरू होताच कंटेनरची जवळजवळ सर्व वाहतूक तिकडे गेली आणि हापदेवाचे स्वतःचे उत्पन्न कोसळले. शेकडो कामगारांना भरपाई देऊन घरी पाठवावे लागले. कामगार संघटनेने याच भीतीपोटी करार झाल्यापासून विरोध केला होता आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये संपही पुकारला होता. लिमोनसारख्या शहरात गोदीतली नोकरी ही कायम पगाराची, पेन्शनची आणि बापाकडून मुलाकडे जाणारी नोकरी होती. तिच्या जागी तितक्याच संख्येने दुसरे काम आले नाही, कारण नवे टर्मिनल यंत्रांवर चालते. म्हणून ७.५ टक्क्यांचे कलम मी मोलाचे म्हणतो, तेव्हा त्याने सगळे साधले असे मला म्हणायचे नाही. त्या कलमामुळे लिमोनच्या माणसाला हक्काने हिशेब मागता येतो. कर्जाच्या किंवा भेटवस्तूच्या बाबतीत त्याला तेवढेही करता येत नाही.

मागोवा

चर्चा चीनभोवतीच फिरू नये म्हणून अमेरिकेच्या तीन दौऱ्यांची भर घालतो.

डिसेंबर १९८२ मध्ये रेगन सान होसेला आले, तेव्हा कोस्टा रिका कर्जाच्या खाईत होता आणि शेजारी निकाराग्वात युद्ध पेटत होते. त्या दशकात अमेरिकेने या लहानशा देशाला एक अब्ज डॉलरच्या वर मदत दिली. निकाराग्वाच्या सीमेमुळेच या देशाला तेवढे महत्त्व आले होते. आरियास यांनी १९८७ मध्ये शांतता करार घडवून आणला, त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले, आणि शांतता आल्यावर मदतीचा ओघही आटला. इंटेलचा कारखाना मध्य खोऱ्यात येण्याचा निर्णय १९९६ मध्ये झाला. त्याच्या पुढच्या वर्षी क्लिंटन आले. म्हणजे त्या बाबतीतही गुंतवणूक आधी आणि दौरा नंतर.

तिसरा दौरा अलीकडचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री रुबिओ सान होसेला येऊन गेले. त्याच महिन्यात कोस्टा रिकाने अमेरिकेतून हाकललेल्या तिसऱ्या देशांच्या नागरिकांना तात्पुरते ठेवून घेण्याचे मान्य केले. सरकारच्या निवेदनात मध्य आशिया आणि भारत यांचा उल्लेख होता, म्हणून आपल्याकडेही ती बातमी आली. पहिल्या विमानातून १३५ माणसे आली आणि त्यांत निम्म्याच्या आसपास लहान मुले होती. त्यांना ठेवले कुठे, तर पनामाच्या सीमेजवळ कोर्रेदोरेस भागात, पूर्वीच्या पेन्सिल कारखान्याच्या इमारतीत. हा दक्षिणेचा तोच पट्टा आहे, जिथून केळी कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यावर काढता पाय घेतला आणि जिथे अजून रोजगार नीट उभा राहिलेला नाही. राजधानीत हस्तांदोलन होते आणि त्याचा भार दूरच्या गरीब प्रदेशावर पडतो, हे मला फार अस्वस्थ करते.

कोरडवाहू

मागोवा यांची माहिती विचार करायला लावणारी आहे. तरी एक शंका उरते. महालेखा नियंत्रक, घटनात्मक न्यायालय, संसदेची मंजुरी, पर्यावरण परवाने, हे सगळे सांभाळताना लिमोनचा कारखाना गेला आणि रस्ता रखडला. एल साल्वादोरसारख्या शेजाऱ्याकडे निर्णय झटपट होतात. मागास प्रदेशाला इतकी वाट पाहायला लावणे हाही अन्यायच नाही का?

बंदरवाट

आपली शंका रास्त आहे आणि लिमोनमधले अनेक लोकही असेच बोलतात. लिमोनला वाट पाहण्याची किंमत मोजावी लागते, यात वाद नाही. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपात तिथला किनारा काही ठिकाणी दीड मीटर वर उचलला गेला, रेल्वे मोडली, आणि काही वर्षांत ती बंदच पडली. आज लिमोन हा देशातील खुनांचे सर्वाधिक प्रमाण असलेला प्रांत आहे. २०२३ मध्ये देशभरात ९०० हून अधिक खून झाले, त्यांतले बरेच अमली पदार्थांच्या टोळ्यांच्या भांडणातले होते, आणि त्या मालाला युरोपची वाट मोईनच्या फळांच्या कंटेनरमधून मिळते. अशा ठिकाणच्या तरुणाला 'प्रक्रिया चालू आहे' असे सांगणे फार कठीण आहे.

तरीही कारखान्याचा प्रकल्प अडवला गेला, हे मी नुकसान मानत नाही. ज्या अभ्यासाच्या आधारे देश मोठ्या कर्जात उतरणार होता, तो अभ्यास लाभार्थ्याच्याच घरात तयार झाला होता. कर्ज फेडायचे होते कोस्टा रिकाच्या ग्राहकाने, पेट्रोलच्या दरातून. हे कळण्यासाठी कुणीतरी कागद तपासावा लागतो, आणि तपासणाऱ्याला पाहुण्याच्या मोठेपणाचा मुलाहिजा न ठेवण्याचा अधिकार असावा लागतो.

२००७ च्या मान्यतेमागची एक हकीकत इथे सांगण्यासारखी आहे. चीनने त्या बदल्यात कोस्टा रिकाचे ३० कोटी डॉलरचे सरकारी रोखे विकत घेण्याचे ठरवले होते आणि हा व्यवहार लोकांपासून लपवून ठेवायचा, असेही ठरले होते. 'ला नासिओन' या वृत्तपत्राने माहिती मागितली, सरकारने नकार दिला, आणि २००८ मध्ये घटनात्मक न्यायालयाने कागद खुले करायला लावले. मागोवा यांनी सांगितलेल्या कोर्रेदोरेसच्या केंद्राबाबतही जून २०२५ मध्ये याच न्यायालयाने तिथे ठेवलेल्या लोकांना सोडण्याचा आदेश दिला. ३२ क्रमांकाच्या रस्त्याचे कर्ज संसदेत आले, त्यावर उघड चर्चा झाली, म्हणूनच हेरेदियाकरांनी सांगितलेल्या मातिना-सिकिरेसच्या गावकऱ्यांना आपल्या पादचारी पुलांसाठी कोणत्या खात्याचे दार ठोठवायचे, ते कळले.